आधी रोग ओळखा, मग औषध द्या : रॉबर्ट कॉख यांचे आयुष्य शेतकऱ्याला काय शिकवते



पानावर डाग दिसला की आपण काय करतो? मोबाईलवर फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो किंवा थेट कृषी सेवा केंद्रात जाऊन कोणते औषध मारायचे ते विचारतो. डाग बुरशीचा, जिवाणूचा, विषाणूचा की अन्नद्रव्याच्या कमतरतेचा, हा प्रश्न मागेच राहतो.

ही चूक मीही केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याच्या टोमॅटोतील मर मी नुसती झाडे बघून बुरशीची ठरवली आणि बुरशीनाशकाची आळवणी सांगितली. दोन आळवण्या झाल्या, पैसे गेले, झाडे मरतच राहिली. शेवटी एका झाडाचे खोड कापून पाण्यात धरले तेव्हा रोग जिवाणूचा असल्याचे कळले. तोवर निम्मा प्लॉट गेला होता. त्या शेतकऱ्याने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण तो प्लॉट मी विसरलो नाही.

रोगामागचा खरा गुन्हेगार कोण हे पुराव्याने ठरवण्याची पद्धत ज्या माणसाने जगाला घालून दिली, त्याचे आयुष्य आज तुम्हाला सांगतो. त्याचे नाव रॉबर्ट कॉख. तो होता माणसांचा डॉक्टर, पण त्याचे पहिले मोठे काम गोठ्यातल्या आणि कुरणातल्या रोगावर झाले.

खाणीच्या गावातला मुलगा

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्ट्‌झ डोंगरातल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाण खात्यात नोकरीला होते आणि घरात मुलांची मोठी रांग होती. गटिंगेन विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये पदवी मिळवली. तिथे याकोब हेन्ले हे त्यांचे शिक्षक होते. संसर्गजन्य रोग सजीव रोगकारकांमुळे होतात, असे हेन्ले यांनी १८४० मध्येच मांडले होते. मात्र ते सिद्ध करण्याची साधने तेव्हा कोणाकडे नव्हती. रोग दूषित हवेने होतो, असेच बहुतेक डॉक्टर मानत.

पदवीनंतर कॉख यांनी ठिकठिकाणी दवाखाने चालवले, युद्धात डॉक्टर म्हणून काम केले आणि १८७२ मध्ये वोलश्टाइन या लहानशा गावी जिल्हा वैद्यकीय अधिकारी झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आजूबाजूला सगळी शेती आणि मेंढ्या-गुरांचे कळप. विद्यापीठ नाही, ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही. रुग्ण तपासायच्या खोलीतच एक कोपरा त्यांनी प्रयोगासाठी मोकळा केला. एक सूक्ष्मदर्शक आणि पाळलेले उंदीर, एवढीच त्यांची सामग्री होती.

फाशी रोग आणि शापित कुरणे

त्या भागात गुरे आणि मेंढ्या फाशी रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मरत. आपल्याकडे याला काळपुळी असेही म्हणतात. धडधाकट जनावर अचानक कोसळते आणि नाका-तोंडातून काळपट रक्त येते. काही कुरणांवर तर वर्षानुवर्षे जनावरे मरत राहत. कळप हलवला, मध्ये काही वर्षे गेली, तरी त्या कुरणात पुन्हा जनावरे नेली की रोग पुन्हा हजर. लोक अशा जमिनीला शापित समजत.

मेलेल्या जनावरांच्या रक्तात काड्यांसारखे सूक्ष्मजीव दिसतात, हे काही शास्त्रज्ञांनी आधीच पाहिले होते. फ्रान्समधील दावेन यांनी तर असे रक्त टोचले की रोग होतो हेही दाखवले होते. पण मारणाऱ्या त्या काड्याच आहेत की रक्तातले दुसरे काही, हा वाद मिटत नव्हता. शिवाय रक्त सुकले की काड्या लवकर मरतात. मग कुरणात रोग वर्षानुवर्षे टिकतो कसा?

कॉख यांनी मेलेल्या जनावराच्या प्लीहेतील रक्त लाकडाच्या स्वच्छ काडीने उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तातही त्याच काड्या सापडल्या. मग त्यांनी बैलाच्या डोळ्यातील स्वच्छ द्रवाच्या थेंबात त्या काड्या वाढवल्या. एका थेंबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे करत मूळ रक्ताचा अंशही उरला नाही. तरीही शेवटच्या थेंबाने उंदराला तोच रोग झाला. म्हणजे दोषी तो जिवाणूच होता.

सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. परिस्थिती बिघडली की या काड्यांच्या आत चमकदार मण्यांसारखे बीजाणू तयार होतात. ते कोरडेपणा सहन करतात, अनेक वर्षे टिकतात आणि पोषक जागा मिळाली की त्यांतून पुन्हा काड्या निघतात. शापित कुरणाचे कोडे सुटले. शाप मातीत पडलेल्या बीजाणूंचा होता.

याचा तुमच्याशी आजही थेट संबंध आहे. फाशीचे बीजाणू तयार व्हायला हवेतील प्राणवायू लागतो. म्हणून फाशीचा संशय असलेले मेलेले जनावर कापू नका, सोलू नका, शवविच्छेदनाचा आग्रह धरू नका. रक्त जमिनीवर सांडले की पुढच्या अनेक वर्षांचा रोग तुम्ही शेतात पेरला असे समजा. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा आणि त्यांच्या देखरेखीखाली विल्हेवाट लावा. हा रोग माणसालाही होतो.

१८७६ मध्ये हा खेड्यातला डॉक्टर आपले उंदीर आणि काचपट्ट्या घेऊन ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांच्याकडे गेला आणि सगळे प्रयोग तज्ज्ञांसमोर पुन्हा करून दाखवले. कोन यांनी हे संशोधन आपल्या नियतकालिकात छापले. गुरांच्या रोगावरचा हा महत्त्वाचा लेख वनस्पतींच्या जीवशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ही गोष्ट आम्हा कृषीवाल्यांना विशेष आवडते.

बटाट्याची फोड आणि चायना ग्रास

१८८० मध्ये कॉख यांना बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात बोलावण्यात आले. तिथे त्यांच्यासमोर मोठी अडचण होती ती शुद्ध वाढीची. द्रवात जिवाणू वाढवले की सगळ्या जातींची खिचडी होते. उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर मात्र वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपका एकाच जातीचा असतो, हे त्यांच्या लक्षात आले. घट्ट पृष्ठभागावर जिवाणू एकमेकांत मिसळत नाहीत, हे सूत्र सापडले.

पण बटाट्यावर सगळे जिवाणू वाढत नाहीत आणि जिलेटिन उबेला वितळते. उपाय स्वयंपाकघरातून आला. सहकारी वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी समुद्री शेवाळापासून बनणारे अगर-अगर सुचवले. आपण त्याला चायना ग्रास म्हणतो. पुढे १८८७ मध्ये कॉख यांचे सहायक पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी वापरात आणली. आज तुमच्या डाळिंबाचा नमुना प्रयोगशाळेत गेला की तो याच बशीत, याच अगरवर वाढवतात.

या कामातून कॉख आणि त्यांचे सहकारी लोफ्लर यांनी पुरावा मागण्याची शिस्त मांडली. सोप्या भाषेत ती अशी :

१. रोगी जनावरात किंवा झाडात तो सूक्ष्मजीव प्रत्येक वेळी सापडला पाहिजे.
२. तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे.
३. तो निरोगी जनावरात किंवा झाडात सोडल्यावर तोच रोग झाला पाहिजे.
४. त्या नव्या रोग्यातून तोच सूक्ष्मजीव पुन्हा मिळाला पाहिजे. ही पायरी पुढे जोडली गेली.

झाडांना जिवाणूंमुळे रोग होतो हे त्या काळी अनेकांना मान्य नव्हते. अमेरिकेतील थॉमस बरिल आणि नंतर एर्विन स्मिथ यांनी याच पद्धतीने ते सिद्ध केले.

क्षय आणि पटकी

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमधील एका सभेत कॉख यांनी क्षयरोगाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. तेव्हा युरोपात साधारण सात मृत्यूंमागे एक क्षयाचा असे. हा जिवाणू सहज रंग घेत नाही आणि फार सावकाश वाढतो. ठिपके दिसायला दोन आठवडे लागत. दुसऱ्या कोणी तेवढ्यात तो नमुना फेकून दिला असता. आज २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात.

पुढच्याच वर्षी पटकी, म्हणजे कॉलरा, शोधायला ते इजिप्तला आणि तिथून कोलकात्याला आले. त्याच वेळी फ्रान्सचे पथकही इजिप्तमध्ये होते. त्यातील तरुण शास्त्रज्ञ लुई तुइलिए पटकीनेच मरण पावला. हे काम किती धोक्याचे होते ते यावरून कळते. कोलकात्यात १८८४ च्या सुरुवातीला कॉख यांनी स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू शुद्ध स्वरूपात मिळवला. इटलीतील पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच पाहिला होता, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. वस्तीजवळच्या ज्या तलावाचे पाणी लोक पिण्यासाठी, धुण्यासाठी आणि आंघोळीसाठी वापरत, त्यातही कॉख यांना तो सापडला.

पण पटकीचा रोग जनावरांत निर्माण करता येईना. तिसरी पायरी अडली. विरोधकांनी यावर बोट ठेवले. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारच्या आल्टोना शहराला त्याच नदीचे पाणी होते, पण ते वाळूतून गाळलेले. तिथे रोगाची झळ फार कमी लागली. पाण्याचा मुद्दा लोकांना पटला तो अशा किमतीवर.

शिस्त सुटली तेव्हा

आता या आयुष्यातला अवघड भाग. तोही तुम्हाला कळायला हवा.

१८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत कॉख यांनी क्षयावर उपाय सापडल्याचे सूचित केले. जगभरातून रुग्ण बर्लिनकडे निघाले. औषध कशाचे आहे हे कॉख यांनी गुप्त ठेवले होते. पुढे कळले की तो क्षयाच्या जिवाणूंच्या वाढीचा ग्लिसरीनमधला अर्क होता. त्याला ट्यूबरक्युलिन म्हणतात. अनेक रुग्णांचा आजार वाढला, काही दगावले. रुडॉल्फ फिर्खो यांनी मृतांची तपासणी करून औषधाने रोग आत पसरल्याचे दाखवले. ज्या माणसाने साऱ्या जगाकडे पुरावा मागितला, त्यानेच अपुऱ्या पुराव्यावर औषध बाहेर आणले होते.

पण या अपयशात एक गोष्ट नोंदवली गेली होती. ज्याच्या शरीरात क्षयाचा संसर्ग आहे त्याला हा अर्क टोचला की जोराची प्रतिक्रिया येते. संसर्ग नसलेल्याला येत नाही. म्हणजे औषध म्हणून फसलेली वस्तू रोग ओळखायच्या कामाची होती. डेन्मार्कमधील पशुवैद्यक बर्नहार्ड बांग यांनी १८९२ पासून ती गाईंवर वापरली आणि बाहेरून धडधाकट दिसणारी क्षयग्रस्त जनावरे वेगळी काढली. आजही गोठ्यात क्षयाची तपासणी करताना पशुवैद्यक कातडीत ट्यूबरक्युलिन टोचतात आणि ७२ तासांनी तिथली सूज मोजतात.

दुसरी चूक १९०१ ची. गाईचा क्षय आणि माणसाचा क्षय वेगळे आहेत, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण गाईच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही आणि त्यासाठी खास काळजीची गरज नाही, असे त्यांनी लंडनच्या परिषदेत सांगितले. ब्रिटनच्या आयोगाने अनेक वर्षे तपासणी करून हे चुकीचे ठरवले. कच्च्या दुधातून हा क्षय माणसाला, विशेषतः मुलांना होतो. म्हणून दूध उकळूनच प्या, घरच्या गाईचे असले तरीही.

बुळकांडी, प्लेग आणि मुंबई

१८९६ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे गेले. तिथे बुळकांडीने गुरांचे कळपच्या कळप संपत होते. हा रोग विषाणूचा. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हता, अगरवर वाढत नव्हता. कॉख यांची पद्धत इथे हरली. तरी त्यांनी रोगी जनावराच्या पित्ताची लस वापरून काही प्रमाणात संरक्षण मिळवले. ते अपुरे होते आणि पुढे त्याहून चांगल्या लसी आल्या. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ज्यांनी गोठेच्या गोठे रिकामे होताना पाहिले, त्या पिढीला या बातमीची किंमत ठाऊक आहे.

तिथूनच १८९७ मध्ये कॉख प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आले आणि जर्मन पथकात सामील झाले. त्याच वर्षी त्यांनी मुक्तेश्वर येथील पशुरोग प्रयोगशाळेला भेट दिली. ही प्रयोगशाळा १८८९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली होती आणि नंतर तिकडे हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

१९०५ मध्ये क्षयावरील कामासाठी कॉख यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आता जिवाणूच जिवाणूला ओळखतो

कॉख यांना एक जिवाणू ओळखायला दिवस, कधी आठवडे लागत. आजचे शास्त्रज्ञ हे काम दुसऱ्या जिवाणूकडून करून घ्यायच्या प्रयत्नात आहेत. जिवाणूंची संख्या वाढली की ते आपसांत रासायनिक संकेत सोडतात. दुसऱ्या निरुपद्रवी जिवाणूत जनुकीय बदल करून त्याला तो संकेत ओळखायला लावता येतो. संकेत मिळाला की तो एखादे विकर तयार करतो, रंग बदलतो आणि आपल्याला रोगकारक असल्याचे कळते.

२०१८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेला लॅक्टोकोकस लॅक्टिस हा जिवाणू दुग्धजन्य पदार्थांच्या विरजणातला, आपल्या ओळखीचा. आणि त्याला ओळखायला लावला तो पटकीचा जिवाणू, म्हणजे कॉख यांनी कोलकात्यात वेगळा काढला तोच. बदललेला जिवाणू पोटात गेलेल्या उंदरांना पटकीचा संसर्ग असेल, तर त्यांच्या विष्ठेच्या चाचणीत रंग बदलत असे. याच जातीच्या, जनुकीय बदल न केलेल्या जिवाणूने आपल्या लॅक्टिक आम्लाच्या जोरावर उंदरांतील पटकीला आळाही घातला.

हे काम उंदरांवरचे आहे, हे लक्षात ठेवा. पिकातील रोग ओळखणारा असा जिवाणू म्हणून कोणी पुडी विकायला आणली, तर कॉख यांचाच प्रश्न विचारा : पुरावा कुठे आहे? रोग नसताना हा रंग दाखवत नाही ना, आणि रोग असताना चुकत नाही ना? शिवाय जनुकीय बदल केलेला जिवाणू आपल्या देशात शेतात सोडायचा तर केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मान्यता लागते. तीही विचारा.

तुमच्या हातातली चाचणी

टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे हिरवे झाड अचानक कोमेजले तर जमिनीलगतच्या खोडाचा दोन-तीन इंचांचा ताजा तुकडा कापा. काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात त्याचे कापलेले टोक बुडवून काही मिनिटे न हलवता धरा. टोकातून दुधाळ धाग्यासारखी धार खाली उतरली, तर जिवाणूजन्य मर असल्याचा पक्का संशय घ्या. अशा वेळी केवळ बुरशीवर चालणारी औषधे वाया जातात. रोगट झाडे मुळासकट काढा, त्या ओळीचे पाणी दुसऱ्या ओळीत जाऊ देऊ नका, अवजारे स्वच्छ करा आणि पुढच्या हंगामात त्या जागी याच कुळातील पीक घेऊ नका.

धार दिसली नाही म्हणून जिवाणू नाहीच, असेही ठरवू नका. नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात द्या. नमुना नेताना पूर्ण मेलेले झाड नेऊ नका. नुकताच रोग दिसू लागलेले झाड मुळासकट, कागदात गुंडाळून न्या. बंद प्लास्टिक पिशवीत घाम सुटून ते सडते आणि मग खरा रोगकारक सापडत नाही. लागवडीची तारीख आणि केलेल्या फवारण्या एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्या मित्रांनो, एक विनंती तुम्हालाही. शेतकऱ्याने फोटो पाठवला की लगेच औषधाचे नाव लिहू नका. आधी खोड कापून पाण्यात धरायला सांगा. या चाचणीला पाच-दहा मिनिटे लागतात. मी ती वेळेवर केली असती तर तो टोमॅटोचा अर्धा प्लॉट कदाचित वाचला असता.